काम करता करता पदवी

मलकापूर म्हटले की कुणाला बुलढाण्याकडचे आठवते, कुणाला शाहूवाडीचे. मी म्हणतो ते कऱ्हाडला लागून असलेले, कोयनेकाठचे, पुणे-बंगळूर रस्त्यावरचे मलकापूर. या गावात सकाळच्या वेळी रस्त्याकडेला उभे राहिलात, तर रात्रपाळी करून परतणारी तरुण मुले दिसतील. त्यांतली काही घरी जातात, आंघोळ करतात आणि झोपायच्या आधी तासभर पुस्तक उघडतात. नोकरी सांभाळून बी.ए., बी.कॉम. करणारी ही मुले. काय शिकतोस, असे विचारले, तर मान थोडी खाली घालून सांगतात, "बाहेरून करतोय." मला या शब्दाचे वाईट वाटते. कारण ज्या मुलखात ही मुले राहतात, तिथे काम करून शिकणारा मुलगा एके काळी कॉलेजच्या अगदी आत होता. ती हकीकत आज सांगायची आहे.

जुन्या माणसांना 'टर्म भरणे' हा शब्द माहीत असेल. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. आता गंमत बघा. लंडन विद्यापीठाने लगेच पुढच्या वर्षी, १८५८ साली, कॉलेजात न बसलेल्या माणसालाही परीक्षेला बसण्याची वाट मोकळी केली. आपण नमुना आणला, पण ही वाट काही आणली नाही. आपल्याकडे पदवी हवी तर मान्य कॉलेजात नाव घालून टर्म भरली पाहिजे, म्हणजे मुक्कामाने शहरात राहिले पाहिजे. कऱ्हाडच्या बाजूच्या मुलाने जायचे कुठे? पुण्याला, नाहीतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, जे १८८० पासूनचे, किंवा १९१९ नंतर सांगलीच्या विलिंग्डनमध्ये. यशवंतराव चव्हाणांचेच पाहा. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून मॅट्रिक झाल्यावर ते राजाराम कॉलेजात गेले आणि १९३८ साली बी.ए. झाले. फीचे पैसे कसेबसे उभे करता येत. पण औताला धरलेला जाणता पोरगा चार वर्षे घराबाहेर गेला, की त्याच्या वाटचे काम कुणी करायचे? शेतकऱ्याच्या घरात खरी अडचण ही होती.

कष्टकऱ्याने शिकायचे तर शाळेने आपले घड्याळ बदलावे, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्यांसाठी. मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरदारांना कचेरी गाठता यावी म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. कारकुनाने आधी तास करावेत आणि मग कामावर जावे.

पण खेड्यात कचेरी कुठली? तिथे निराळी युक्ती हवी होती, आणि ती मलकापूरपासून फारशी दूर नसलेल्या काले गावी रुजली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी तिथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. भाऊराव स्वतः मॅट्रिकही झालेले नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकत त्यांनी गावोगाव पायपीट केलेली. शेतकऱ्याच्या घरी दाणे किती आणि हात किती याचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. १९२४ साली संस्था साताऱ्यास गेली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि आपली कामे आपणच करीत. १९२७ साली महात्मा गांधींनी येऊन त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा काढून दिले, हे तुम्ही ऐकलेच असेल. १९३० साली त्या वारल्या.

पुढे १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा आणि शिका' ही गोष्ट शाळेतून पदवीपर्यंत पोहोचली. १९५४ साली कऱ्हाडला गाडगेमहाराजांच्या नावाचे कॉलेज आले. आता मलकापूरच्या मुलाला कोयनेचा पूल आणि मग कृष्णेचा पूल ओलांडला की कॉलेज. सायकलीचा रस्ता!

या योजनेत मुले शेतात राबली, बांधकामावर राबली, स्वयंपाकघरात राबली. पण काम तर आपली मुले घरीही करीतच होती. नवे होते ते इतकेच, की कामाचे तास कॉलेजच्या दिनक्रमातच धरलेले होते. किती तास काम झाले याची नोंद राही आणि तो हिशेब जेवणाखाण्याच्या, शिक्षणाच्या खर्चात वळता होई. खोरे हातात घेतलेला मुलगा प्राध्यापकांच्या नजरेसमोर असे. त्याला कुणी बाहेरचा म्हटले नाही. अशाच मुलांतून पुढे आलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील तर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

मात्र या गोष्टीला उगाच गुलाबी रंग देऊ नये. दोन तास कुदळ मारलेल्या हातात लेखणी नीट धरता येत नाही, हे कुदळ न मारलेल्याला सांगून कळत नाही. शिवाय ही सोय होती अठरा-वीस वर्षांच्या, वसतिगृहात राहू शकणाऱ्या मुलांची. पाटणच्या डोंगरात दोन लेकरे पदरी असलेल्या प्राथमिक शिक्षकाने काय करावे? साखर कारखान्यातल्या कामगाराने काय करावे? आणि लग्न होऊन सासरी आलेल्या सुनेने?

त्यांच्यासाठी विद्यापीठांनी बहिःस्थ परीक्षा ठेवल्या. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने शिक्षण सुरू केले. इंग्लंडात १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याकडे १९८९ साली नाशिकला महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ झाले, आणि त्याला नाव मिळाले त्याच कऱ्हाडच्या यशवंतरावांचे, ज्यांना स्वतःला पदवीसाठी कोल्हापूर गाठावे लागले होते. घरबसल्या वाचता येतील अशी मराठी पुस्तके, जवळच्या कॉलेजातले अभ्यासकेंद्र, शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, हे सगळे त्यात आले. बारावी न झालेल्या माणसाला पदवीचे दार उघडले, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

तरी माझ्या मते एक गोष्ट वाटेत सांडली. भाऊरावांच्या पद्धतीत कामाच्या तासाला जागा कॉलेज करून देत असे. आता अभ्यासाच्या तासाला जागा त्या मुलाने स्वतःच करायची. पाळी कारखान्याची, वेळापत्रक विद्यापीठाचे, आणि दोहोंच्या मध्ये हा एकटा. परीक्षेच्या दिवशी पाळी बदलून मिळाली नाही म्हणून पेपर चुकलेली मुले मी पाहिली आहेत. आणि नेहमीच्या कॉलेजात नाव घातलेला, पण रात्री कामाला जाणारा मुलगा मागच्या बाकावर पेंगतो, तेव्हा आम्ही प्राध्यापक मंडळी शेकडा पंचाहत्तर हजेरीचा नियम त्याच्या तोंडावर वाचून दाखवतो. तो रात्री कुठे होता, हे आम्ही क्वचितच विचारतो.

म्हणून नोकरीवर ठेवणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की परीक्षेच्या दिवसांपुरती पाळी बदलून द्या. त्यात कारखाना बुडत नाही. आणि खेड्यातल्या शिक्षकांनो, तुमच्याकडून याहूनही जास्त होण्यासारखे आहे. पावसाळा लागला की प्रवेशाचे दिवस येतात. गावात सातवी-आठवीत शाळा सोडलेले, आता पंचविशी-तिशीतले कोण आहेत, हे तुमच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? त्यांना पुढे शिकण्याच्या सोयींची माहिती द्या, अर्ज भरताना शेजारी बसा, आणि शाळेच्या जुन्या रजिस्टरातून त्यांचा दाखला शोधून द्या. पुष्कळांचे गाडे त्या दाखल्यापाशीच अडलेले असते.