चिपोलेत्तीचा बांध आणि मेंडोझाची वाइन

इंजिनिअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात 'सिपोलेटी वेअर' हमखास यायचं. बाजूंचा उतार १:४, पाठ केलं, मार्क घेतले, विसरलो. हे एका हाडामांसाच्या माणसाचं आडनाव आहे हे परवाच्या शनिवारी कळलं, तेही अर्जेंटिनाच्या द्राक्षांबद्दल वाचताना!

मेंडोझा म्हणजे जवळपास वाळवंटच. वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. (पुण्यात त्याच्या तिपटीहून जास्त पडतो, तरी आपली बोंब असतेच.) पाणी येतं अँडीजच्या वितळलेल्या बर्फाचं. ते पाटांनी फिरवायची कला तिथल्या वार्पे लोकांना स्पॅनिश यायच्या आधीपासून अवगत होती.

पूर्वी या पाण्यावर बराचसा लसूणघास व्हायचा, चिलीला हाकत न्यायच्या गुरांसाठी. मग १८८४ साली पाण्याचा कायदा आला, १८८५ला रेल्वे आली आणि त्या दशकाच्या शेवटी इटालियन इंजिनिअर चेझारे चिपोलेत्तीला बोलावून मेंडोझा नदीवर बांध घातला गेला. तिकडे ब्युनोस आयर्समध्ये इटली-स्पेनहून आलेले, रोज जेवणाबरोबर वाइन पिणारे लोक वाढतच होते. द्राक्षं लावली नसती तरच नवल.

मला खरी गोम त्या कायद्यात वाटते. पाण्याचा हक्क जमिनीला बांधलेला, पाणी वेगळं विकता येत नाही. त्यामुळे कुणी धनदांडगा नुसतं पाणी विकत घेऊन बसला नाही, हे उत्तमच. पण पाणीपट्टी क्षेत्रावर, वापरावर नाही. मग पाणी वाचवून शेतकऱ्याच्या हाती काय लागणार? त्यापेक्षा भरपूर पाजा, भरपूर पिकवा!

आणि द्राक्ष म्हणजे काही मेथीची जुडी नव्हे. वेल लावल्यावर पीक यायला तीनेक वर्षं. भाव पडला म्हणून पुढच्या हंगामात मोकळं होता येत नाही. १९३०च्या मंदीत तेच झालं. १९३४ला सरकारने वाइन नियामक मंडळ नेमलं, आणि भाव सावरायला तयार वाइन ओतून दिली, वेली उपटल्या. ज्या वाळवंटात थेंबाथेंबाचा हिशोब, तिथे!

१९७०च्या सुमारास अर्जेंटिनात माणशी वर्षाला सुमारे ९० लिटर वाइन प्यायली जायची. मग लोक बिअर आणि कोल्ड्रिंककडे वळले, आज हा आकडा २०च्याही खाली आहे. १९८०च्या दशकात पुन्हा मळे उपटले गेले. त्यात माल्बेकही गेली, हो, तीच, जिच्या बाटलीवर पुढे मेंडोझाचं नाव जगभर झालं.

२०१० पासून अँडीजवर बर्फ कमी पडतोय. पाण्याचा हक्क मात्र अजून जमिनीलाच बांधलेला आहे.