टोपीची पिन आणि पितळी जेट

इंजिनाचे पोवाडे पुष्कळ गायले गेले. कार्ब्युरेटर मात्र गाडी अडली म्हणजेच आठवतो. इंधनमार्गाच्या दुरुस्तीची पहिली गाजलेली हकीकत एका गृहिणीच्या नावावर आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझची पत्नी बेर्टा, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याच्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत वीस्लोख गावी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन हे इंधन घेतले. पुढे नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, असे सांगतात.

त्या गाडीच्या कार्ब्युरेटरात नाजूक असे फारसे नव्हतेच. भांड्यातल्या इंधनाची वाफ हवेबरोबर इंजिनात ओढली जाई. दोष एकच, पण मोठा. हलका अंश आधी उडून जाई आणि जड, आळशी इंधन तळाशी उरे.

१८९३ साली हे पालटले. बुडापेस्टच्या डोनात बांकी व यानोश चोंका यांनी ११ फेब्रुवारीला पेटंटासाठी अर्ज केला. त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म माइबाखनेही तीच युक्ती साधली. (फूलवालीची पिचकारी पाहून बुडापेस्टकरांना ती सुचली, ही कथा गोड आहे, एवढेच मी म्हणेन.) तरंगत्या डबीने पेट्रोलची पातळी सारखी राखायची आणि वेगाने जाणाऱ्या हवेने बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, त्याचा फवारा खेचायचा. एक लिटर पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. एवढा हिशेब आता त्या छिद्राच्या मापावर येऊन बसला.

येथे बेर्टाबाईंची पिन निकामी झाली. नव्हे, घातक ठरली. जेट पितळेचा, मऊ. तारेने कोरला की छिद्र रुंदावते, पेट्रोल जास्त उतरते, प्लग काळा पडतो, आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. म्हणून जाणता मिस्त्री जेट सोडवून धुतो, हवेने फुंकतो आणि उजेडाकडे धरून पाहतो. तार तो हातात घेत नाही.

१९७२ पासून निघालेली बजाज चेतक स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारण्याचा आपल्याकडचा रिवाज अनेकांना आठवेल. कलती केली की डबीतले पेट्रोल कार्ब्युरेटरच्या घशात उतरे. पण मे महिन्यात घरची मंडळी कोकणात गेली की मागे पेट्रोल उडून जाई आणि त्यातले तेल व चिकट राळ जेटात बसे. १८८८ चाच गाळ, फक्त जागा अडचणीची! मग कलते करूनही भागत नसे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. फवारणीचे पंप, छोटे जनरेटर यांत तो अजून आहे. अशी यंत्रे ठेवणीत टाकण्यापूर्वी पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. भांडे रिकामे होते आणि मागे गाळ धरायला काही उरत नाही.