देवळांतील गायन आणि गायनमंडळाचा मास्तर

ज्युबिलीच्या अंकांत बहुधा पाद्रीसाहेबांचे, देणगीदारांचे व घंटेचे उल्लेख येतात. गायनमंडळाच्या मास्तराचा उल्लेख मात्र शेवटच्या ओळींत, 'व इतर' या दोन शब्दांत आटोपतो. म्हणून वाचक बंधुभगिनींनो, या अंकाचें एखादें पान त्याच्या कामाच्या इतिहासास द्यावें असें मनांत आलें. हात हालवून ताल धरणें एवढेंच त्याचें काम नव्हे. उपासनेंत काय गावें आणि त्याहूनहि अधिक, काय गाऊं नये, हें त्यास ठरवावें लागतें; आणि या ठरविण्यापायीं ख्रिस्तसभेंत चारशें वर्षांहून अधिक काळ वाद चालत आला आहे.

वादाचें मूळ साधें आहे. गाइलेला शब्द लोकांस समजावा कीं नाहीं? सोळाव्या शतकांत युरोपांतील गायक चार-सहा स्वरपंक्ति एकमेकींत अशा गुंफीत कीं, कोणी कोणता शब्द म्हटला हें उमगेना. शिवाय लौकिक गाण्यांच्या चाली मिस्सेंत शिरल्या होत्या. 1562 सालीं ट्रेंटच्या महासभेनें विलासी व अशुद्ध संगीत देवळाबाहेर ठेवण्याची आज्ञा केली. पॅलेस्ट्रिना या संगीतकारानें 'पोप मार्सेलस मिस्सा' रचून बहुस्वरी गायन बंदीपासून वांचविलें, अशी कथा पुष्कळ पुस्तकांतून येते. कथा गोड आहे, पण इतिहासकार ती मानीत नाहींत. तरी ती रचना जरूर ऐकावी. ग्लोरिया व क्रेदो यांतला शब्द न् शब्द तींत स्पष्ट उमटतो.

आपल्या किनाऱ्यावर या प्रश्नास निराळें उत्तर मिळालें. 1579 सालीं गोमंतकांत आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्यें राशोल येथें छापलें गेलें. वेदीवरची उपासना लॅटिनमध्यें चाले. पण ओवी आपली होती, आणि ती देवळांतून वाचली व गाइली जाई. गोमंतकांतील पॅरिशच्या शाळेचा 'मेस्त' मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरलेखन व व्हायोलिन शिकवी आणि त्यांच्यांतूनच गायनमंडळ उभें करी. पुढें मुंबईच्या वाद्यवृंदांतून जे गोमंतकीय वादक नांवारूपास आले, त्यांतील कित्येकांचा श्रीगणेशा या मेस्तापुढेंच झाला.

आतां 1903 सालाकडे येऊं. इटलींतील देवळांत तेव्हां ऑपेराच्या धर्तीचें संगीत सर्रास चाले. एखादा गवई आपली तान लांबवी आणि वेदीवरचे पाद्री ती संपण्याची वाट पाहात उभे राहात. त्या वर्षीं गादीवर आलेले पोप दहावे पायस स्वतः खेड्यांतील साहाय्यक पाद्री असतांना लोकांना गायन शिकवीत असत. त्यामुळें हें दुखणें त्यांस ऐकीव नव्हतें. 22 नोव्हेंबर रोजीं, गायकांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशीं, त्यांनीं आपलें प्रसिद्ध आज्ञापत्र काढलें. ग्रेगरियन गायनास अग्रमान मिळाला. पियानो, ढोल व झांजा यांस देवळांत बंदी झाली. गायनासाठीं पाद्र्यास वेदीवर ताटकळत ठेवूं नये असें स्पष्ट बजावलें. गायन हें उपासनेची दासी आहे, धनीण नव्हे, हा त्याचा मथितार्थ. मास्तरांपैकीं अनेकांचीं आवडतीं पुस्तकें एका आज्ञेनें कपाटांत गेलीं, पण आज्ञा योग्य होती असेंच मला वाटतें.

एक कलम मात्र आज वाचतांना खटकतें. गायनमंडळाचें काम हें उपासनेंतील अधिकारपद, म्हणून त्यांत स्त्रियांस जागा नाहीं; उंच स्वरांसाठीं मुलगे घ्यावे, असें त्यांत होतें. ही अट 1955 सालीं पोप बारावे पायस यांनीं सैल केली. मुलग्यांचें मंडळ मिळत नसेल तेथें स्त्रियांनीं वेदीच्या आवाराबाहेर उभें राहून गावें, अशी मोकळीक त्यांनीं दिली. आज ज्या भगिनींवांचून रविवारची मिस्सा सुनी वाटेल, त्यांना दार उघडलें तें असें, अर्धेंच.

पुढें 4 डिसेंबर 1963 रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें उपासनेविषयींचा आपला लेख संमत केला. ग्रेगरियन गायनाचा मान त्यानें राखला, परंतु लोकभाषेस वाट दिली आणि त्या त्या देशाच्या संगीतासहि योग्य स्थान द्यावें असें सांगितलें. 1967 च्या आज्ञापत्रानें आणखी एक गोष्ट पक्की केली: सगळें गायन मंडळानेंच आपल्याकडे घेऊन लोकांस मुकें ठेवूं नये. ओवी जेथें साडेतीनशें वर्षें दाराशीं थांबली होती, तेथें मराठी आतां वेदीपर्यंत पोंचली, पेटी-तबला आला. पण ज्यांनीं लॅटिन क्रेदो जन्मभर तोंडपाठ म्हटला, ते वृद्ध गायक बांकावर गप्प बसले, हेंहि या इतिहासांत नोंदलें पाहिजे. त्यांचा अपराध कांहींच नव्हता.

आणि मास्तराची अडचण अजून तीच आहे. नवें गीत सुरेख असतें, मंडळ तें महिनाभर घोटतें, पेटीची पट्टी गायिकांच्या गळ्यास शोभेल अशी उंच धरली जाते, आणि दुसऱ्या ओळीसच खालचे लोक गाणें सोडून देतात. पट्टी दोन स्वरांनीं उतरविली तर मंडळ रुसतें. शनिवारच्या तालमींत ती उतरविण्याचें धैर्य करणारा मास्तर आपल्यांतहि आहे. त्याचें नांव त्याच्याच आग्रहावरून येथें छापलेलें नाहीं.