मृतांचा पत्ता

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात श्रद्धांजलीचे एक पान असते. काही वर्षांपूर्वी ते पान सिद्ध करताना आम्ही यादीतील प्रत्येक नावाआधी सवयीने ‘कै.’ लावून मोकळे झालो. अंक हाती आल्यावर एक विद्यार्थी भेटायला आला. त्याचे वडील आमच्याच ग्रंथालयात परिचर होते. ‘आमच्याकडे कालकथित लिहितात, सर,’ एवढेच तो म्हणाला. नागपुरात १९५६ साली दिल्या गेलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. ती आयुष्यभर पाळणाऱ्या माणसाला आम्ही एका अक्षरात शंकराच्या घरी धाडले होते.

‘कैलासवासी’ हा शब्द मृताला पत्ता देतो. जुन्या राजकीय लेखनात तो पत्ताच नावाचे काम करी. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ‘आज्ञापत्रा’त शिवछत्रपतींचा उल्लेख ‘तीर्थरूप थोरले कैलासवासी स्वामी’ असा येतो. नाव घेण्याची गरजच नाही. मात्र तोवर संभाजीराजे आणि राजाराममहाराजही निवर्तले होते. कैलासात गर्दी झाली तेव्हा ‘थोरले’ हे विशेषण अपरिहार्य ठरले असावे, असे आम्हांस वाटते.

गंमत अशी की, ज्यांच्याशी हे राज्य झुंजत होते त्यांच्या दरबारीही हीच रीत होती. मोगल बादशहांना मृत्यूनंतर नवे नाव मिळे. बाबर ‘फिरदौस मकानी’, हुमायून ‘जन्नत आशियानी’, अकबर ‘अर्श आशियानी’. मकान काय, आशियाना काय, दोन्ही निवासाचेच शब्द; आपल्या ‘वासी’चे जणू सख्खे भाऊ. कोणी कोणाचे उचलले हा वाद आम्ही घालणार नाही. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरला वारला आणि ‘खुल्द मकान’ झाला. त्याला जेथे पुरले त्या रौज्याचे नाव त्यावरून खुलताबाद पडले. मृताला दिलेला काल्पनिक पत्ता असा जमिनीवर उतरला. मराठवाड्यातील एसटीच्या पाट्यांवर तो आम्ही लहानपणापासून वाचत आलो.

राजांचा हा मान पुढे घरोघर पोचला. वारकऱ्यांनी आपला पत्ता वेगळा ठेवला : तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सोनोपंत दांडेकर यांच्या नावामागे आजही ‘वै.’ लागते, ‘कै.’ नव्हे. मराठी लेखनाने मात्र या प्रत्ययाचा अतिरेक केला. मुसलमान ‘पैगंबरवासी’, ख्रिस्ती ‘ख्रिस्तवासी’! पैगंबर हे काही राहण्याचे ठिकाण नव्हे, आणि त्या घरांत ‘मरहूम’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण विचारतो कोण? ‘कालकथित’ या साच्यात बसत नाही. पालीतील ‘कालकत’ची, म्हणजे ज्याने काळ केला त्याची, आठवण देणाऱ्या या शब्दात कुठलाही निवास नाही.

स्त्रियांच्या बाबतीत प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. वक्तृत्वस्पर्धेच्या ढालींवर ‘कै. सौ.’ वाचताना त्या बाईंविषयी नेमके एकच कळते : नवऱ्याआधी गेल्या. उलट घडले तर मृत्यू नवऱ्याचा आणि उपाधी बदलते जिवंत बायकोची, ती ‘गं. भा.’ होते. नवरा कैलासी जातो आणि तिला लिहिताना नदीची नावे जोडली जातात. एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द सरकारी व्यवहारात आणण्याचा विचार महिला व बालविकास मंत्र्यांच्या पत्रातून पुढे आला, त्यावर टीकेची झोड उठली आणि तो केवळ चर्चेचा मुद्दा असल्याचा खुलासा झाला. लग्नपत्रिकांतून जवळजवळ पुसले गेलेले ते दोन ठिपके पुन्हा छापण्याची इच्छा कोणाला तरी व्हावी, याचे आम्हांस अजूनही नवल वाटते.

त्या विद्यार्थ्यानंतर आम्ही नावे छापण्याआधी घरी विचारू लागलो. बहुतेक जण ‘कै.’च सांगतात. गेल्या खेपेस एका निवृत्त सहकाऱ्याच्या पत्नीने बराच वेळ विचार केला, आणि म्हणाल्या, ‘ते सगळ्यांना सर म्हणून ठाऊक होते. तेवढंच लिहा.’