आडनावात राहिलेले गाव

हदगावात राहणाऱ्या माणसाला कुणी हदगावकर म्हणत नाही. तो नांदेडला किंवा हैदराबादेत जाऊन राहिला, की तिथले लोक त्याला हदगावकर करतात. पैनगंगेपलीकडच्या उमरखेडचा माणूस इकडे येऊन उमरखेडकर होतो, तो असाच. 'कर' लावलेले आडनाव गाव सांगते आणि ते सुटल्याचेही सांगते. (इनाम-वतनामुळे गावाचे नाव लावून त्याच गावी राहिलेली घराणी आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.)

डच लोकांत हेच काम गावाच्या आधी येणारे 'व्हान' करते. व्हान डेल्फ्ट म्हणजे डेल्फ्टचा, डेल्फ्टहून आलेला. १८११ साली नेपोलियनच्या हुकमाने तिथे प्रत्येकाला आडनाव नोंदवणे भाग पडले. त्यांच्यात 'नाक्तगेबोरेन' असे एक आडनाव आहे. शब्दशः अर्थ नागडा जन्मलेला. फ्रेंचांच्या नोंदवहीची थट्टा म्हणून लोकांनी असली नावे लिहून दिली, ही कथा तिकडे चवीने सांगतात. कथा खोटी आहे, नाव त्याआधीचे. ते जर्मन 'नाखगेबोरेन'वरून, म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला यावरून आले असावे असे मानतात. शब्द दुसऱ्या भाषेच्या कानात गेला आणि पोरक्या मुलाचा नागडा झाला.

हे वाचले आणि मला शाळा आठवली. "चिंतावार, कसली चिंता?" हा आमचा ठरलेला विनोद. तेलुगूत चिंत म्हणजे चिंच. संस्कृतातली चिंता तेलुगूतही आहे, तेव्हा वाद घालता येईल. पण मामिडवारांतला 'मामिडि' म्हणजे आंबा, म्हणून मला झाडाचाच अर्थ पटतो. 'वार' हे तेलुगू 'वारु', आदराचे अनेकवचन: अमक्या घरची मंडळी.

थट्टेत आणखीही काही होते. 'वार' म्हणजे तेलंगे, बाहेरचे, असे आम्ही धरूनच चाललो होतो. आता सीमेचे पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून आंध्रात गेली. किनवट तालुका आदिलाबादेतून नांदेडात आला. घरे होती तिथेच राहिली, हलली ती सीमा. शिवाय 'वार' कुठले गाव सोडल्याचे सांगत नाही, घर तेवढे सांगते. माझे आडनाव मात्र 'कर'ने संपते. आडनावांचीच साक्ष काढायची, तर बाहेरून आल्याची कबुली आमच्या दारावर लिहिलेली आहे.

आडनावातले ते गाव कुठे, असे एकदा वडिलांना विचारले होते. त्यांनी नदीच्या दिशेने हात केला. कोणत्या पिढीत आलो, हे त्यांनाही सांगता आले नाही.