तापी खोऱ्यातलं डिझेल इंजिन आणि त्याची शेड

धडगावात उभं राहून रेल्वेवर बोलायचं म्हणजे गंमतच आहे. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी, मधे सातपुडा. रूळ बघायचे तर घाट उतरून शहादा, प्रकाशा करत, तापी ओलांडून नंदुरबार गाठायचं. त्यामुळे इथल्या कितीतरी माणसांनी पहिलं इंजिन पाहिलं ते नंदुरबारच्या फलाटावरच. गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत ते पाहिलं असेल, तर ते डिझेलचं होतं. आजचा विषय ते इंजिन आणि त्याची शेड.

आधी मार्गाबद्दल थोडं. सुरतेजवळच्या उधन्याहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाणारा हा मार्ग म्हणजे जुनी ताप्ती व्हॅली रेल्वे. किलिक निक्सन या मुंबईच्या कंपनीनं १९०० च्या सुमारास ती उभी केली, मुख्यतः खानदेशचा कापूस सुरतेकडे नेण्यासाठी. विदर्भातली शकुंतलाही ह्याच किलिक निक्सनची, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. शकुंतलेचं मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून धावत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल लावलं. त्या वाफेच्या इंजिनाबद्दल आजवर भरपूर लिहिलं गेलंय. त्याच्या जागी आलेल्या डिझेलबद्दल कुणी दोन ओळी लिहिलेल्या दाखवा! इतिहासाची सगळी माया वाफेच्याच वाट्याला आली.

आपल्याकडे डिझेल म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते डब्ल्यूडीएम-२. पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आली आणि जानेवारी १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन, डिझेलची टाकी ५००० लिटरची. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी लागायचं, कोळसा लागायचा, राख झाडावी लागायची. डिझेलनं हे सगळं संपवलं. त्याबरोबर फावडं मारणारा फायरमनही संपला. त्याच्या जागी डिझेल असिस्टंट आला. हा नुसता नावातला बदल नव्हता. या इंजिनाचं लांब नाक पुढे असलं की ड्रायव्हरला एका बाजूचं नीट दिसायचंच नाही. मग सिग्नल बघून ओरडून सांगणं हे असिस्टंटचं काम, आणि ड्रायव्हरनं तेच मोठ्यानं परत म्हणायचं.

तापी खोऱ्याचा मार्ग तेव्हा एकेरी. समोरून गाडी येणार असली की आपली गाडी स्टेशनात थांबून. इंजिन मात्र बंद करत नसत. एवढं धूड बॅटरीवर पुन्हा सुरू करायचं, ते सुरू झालंच नाही तर अख्खा मार्ग अडकणार. त्यापेक्षा डिझेल जळलेलं परवडलं. म्हणून रात्री डब्यात पडल्यापडल्या ती घरघर ऐकू यायची. आणि निघताना धुराचा काळा लोट! ड्रायव्हर नॉच वाढवायचा, डिझेल लगेच वाढायचं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागायचा. तेवढा वेळ हवा कमी आणि इंधन जास्त, म्हणून तो धूर. नवापूरला तर आणखी मौज, फलाट अर्धा गुजरातेत नि अर्धा महाराष्ट्रात. धूर कुठल्या राज्याचा, हे त्या वाऱ्यालाच विचारा.

आता शेड. प्रत्येक इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं नाव रंगवलेलं असायचं. पश्चिम रेल्वेची डिझेल शेड रतलामला, वटव्याला. मध्य रेल्वेची पुणे, कल्याणला. इंजिन कुठेही धावो, ठरलेल्या मुदतीत माघारी घरी. लग्न झालेल्या मुलीसारखं नाही, उसाला गेलेल्या माणसासारखं म्हणा. (इथे बसलेल्यांना ते जास्त कळेल.) नंदुरबारला आपण इंजिन पाहिलं, पण त्याला जिवंत ठेवणारे हात आपल्याला कधी दिसले नाहीत.

ते हात काय करत होते? इंजिन परत आलं की आधी वंगणाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत. तेलात लोखंड वाढलं तर लायनर नाहीतर रिंगा झिजताहेत. तांबं, शिसं वाढलं तर बेअरिंग. म्हणजे इंजिन न उघडता त्याची रक्ततपासणीच. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं की समजायचं, कुठेतरी पाणी शिरलंय. मग लोड बॉक्सची चाचणी: इंजिन जागेवर उभं, त्यानं केलेली वीज मोठ्या रोधकांत जाळायची आणि ताकद पुरी भरते का ते बघायचं. पण जुन्या फिटरचं खरं हत्यार म्हणजे कान. सोळांपैकी कुठला सिलिंडर नीट पेटत नाही, हे तो बाजूनं चालत जाता जाता सांगायचा. ते कुठल्याच पुस्तकात नाही. उस्तादाकडून खलाशाकडे, खलाशी फिटर झाला की त्याच्याकडून पुढच्याकडे, असंच ते चालत आलं.

आणि ते थांबलं फार झटक्यात. १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यातल्या कार्यक्रमात उधना–जळगाव या ३०६ किलोमीटर मार्गाचं दुहेरीकरण नि विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण झालं. तीनच दिवसांनी, १९ तारखेला, वाराणसीत जुन्या डिझेलपासून बनवलेल्या विजेच्या इंजिनाला झेंडा दाखवला गेला. ज्या कारखान्यानं डिझेल घडवलं, त्यानंच ते आतून रिकामं करून त्यात वीज भरली. २०२० मध्ये कारखान्याच्या नावातला 'डिझेल' हा शब्दही गेला. पुण्याच्या डिझेल शेडमध्ये आज विजेची इंजिनं सांभाळली जातात.

मला विचाराल तर विजेची गाडी चांगलीच. धूर नाही, डिझेलचा खर्च नाही. हळहळ आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. वाफेची इंजिनं दिल्लीच्या संग्रहालयात आहेत, रेवाडीच्या शेडमध्ये चालू स्थितीत आहेत. डिझेलचीही काही धुडं चबुतऱ्यावर चढतील. पण फिटरचा कान चबुतऱ्यावर ठेवता येत नाही. ती माणसं आज साठी-सत्तरीत आहेत, भुसावळ, कल्याण, पुण्याच्या रेल्वे वस्त्यांमधून निवृत्त होऊन आपापल्या गावी गेलेली. काही आपल्या खानदेशातही परतलीत. मोबाइलवर जुन्या इंजिनाचा आवाज लावून त्यांच्यासमोर धरा आणि नुसतं विचारा, 'दादा, यात काय बिघडलंय?' पुढचं ते बोलतील. तुम्ही फक्त रेकॉर्डिंग चालू ठेवा.