देव्हाऱ्यातील दोन पाषाण

ज्या वस्तूंना आपण नित्य स्नान घालतो, त्यांची कुळकथा विचारण्याचे सहसा आपल्या मनात येत नाही. कोकणातील व देशावरील अनेक घरांच्या पंचायतनात विष्णूच्या जागी शाळिग्राम आणि शिवाच्या जागी बाण असतो. दोहोंनाही टाकी लागलेली नसते, म्हणून दोन्ही स्वयंभू. वस्तुतः त्यांतील एक प्राण्याचा अवशेष आहे आणि दुसरा पाण्याची करणी.

शाळिग्राम नेपाळातील काळी गंडकीच्या पात्रात सापडतो. त्यावरील चक्र म्हणजे अमोनाइट नामक सागरी प्राण्याच्या कवचाचे वेटोळे होय. आपल्या किनाऱ्यावरील माकुलाच्या दूरच्या कुळातला हा जीव सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसा झाला. तो हिमालयात कसा आला? आज जेथे पर्वत आहे तेथे पूर्वी समुद्र होता व त्याचा तळच वर उचलला गेला. क्षीरसागरात शयन करणाऱ्या देवाला समुद्रातलाच जीव प्रतीक म्हणून लाभावा, हा योगायोग मोठा मनोहर आहे.

बाणाचे माहेर माळव्यात. देवास म्हटले की मराठी वाचकास पवारांची थोरली व धाकटी पाती आठवते. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, बागली तालुक्यात, नर्मदेवर धाराजीचा प्रपात होता. तेथील धावडी कुंड बाणांसाठी विशेष प्रसिद्ध. निघोजचे, कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही क्रिया सहज उमगेल. भोवऱ्यात सापडलेला धोंडा गरगरत राहतो, खडकाला खळगा पाडतो आणि स्वतः झिजून गुळगुळीत, लांबट गोल होतो.

धाराजीचा प्रपात ‘होता’, असे आम्ही जाणूनबुजून लिहिले. 7 एप्रिल 2005 च्या रात्री, गुढीपाडव्यापूर्वीच्या भूतडी अमावास्येसाठी तेथे यात्रा भरली असताना, वरच्या अंगाच्या इंदिरासागर धरणातून सोडलेल्या पाण्याने पन्नासांहून अधिक यात्रेकरूंचे प्राण घेतले. पुढे खालच्या ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयात तो प्रपातच बुडाला. आज बाजारात येणारी कित्येक लिंगे नर्मदाकाठच्या बकावाँसारख्या गावी यंत्रावर घासून तयार होतात.

येथे कायद्याच्या इतिहासातील एक नवलही सांगितले पाहिजे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील दाव्यात, 1925 साली, प्रीव्ही कौन्सिलने घरच्या देवमूर्तीस विधिमान्य व्यक्ती मानले, आणि तिला कोठे ठेवावे याविषयी तिची इच्छा तिऱ्हाईत हितचिंतकामार्फत न्यायालयापुढे यावी, असे ठरविले. बाण घडविणाऱ्या नदीचे काय? नर्मदेस सजीव मानण्याचा ठराव मध्य प्रदेशच्या विधानसभेने केला तो मे 2017 मध्ये; तोवर धाराजी पाण्याखाली जाऊन वर्षे लोटली होती.

तेव्हा ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळचा बाण असेल, त्यांस आमची एवढीच विनंती आहे. अडचण होते म्हणून तो विसर्जित करण्यापूर्वी, कोणी, केव्हा व कोणत्या घाटावरून आणला, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. ज्या पाण्याने तो घडविला, ते पाणी आता तेथे पडत नाही.